आधी वाट चालणाऱ्याला!

दरवर्षी ११ डिसेंबरला पुण्यात 'पादचारी दिन' पाळला जातो. महापालिकेने २०२१ पासून हा उपक्रम सुरू केला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद होतो आणि एरवी जीव मुठीत धरून चालणारे पुणेकर रस्त्याच्या मधोमध निर्धास्तपणे फिरताना दिसतात. उपक्रम स्तुत्यच आहे, त्याचे स्वागतही केले पाहिजे. तथापि एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या शहराला चालणाऱ्या माणसासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवावा लागतो, त्याने उरलेले ३६४ दिवस कोणाच्या पदरात टाकले आहेत?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका सायंकाळी प्रस्तुत लेखकाने आपली स्कूटर औषधाच्या दुकानासमोर पदपथावर चढवून लावली. काम पाच मिनिटांचे होते. त्याच वेळी आमच्याच वाड्यात पूर्वी राहणारे, आता सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक हातात भाजीची पिशवी घेऊन त्या पदपथावरून येत होते. वाट अडलेली पाहून ते रस्त्यावर उतरले आणि मागून भरधाव आलेल्या मोटारसायकलने त्यांना उडविले. मांडीचे हाड मोडले. प्राण वाचले, पण त्यानंतर गुरुजी काठीवाचून चालले नाहीत आणि सायंकाळचे त्यांचे फिरणे कायमचे थांबले. पोलिसांच्या कागदांत मोटारसायकलवाल्याची नोंद झाली, ते योग्यच. माझ्या स्कूटरची नोंद कोठेही झाली नाही. गुरुजींना भेटावयास गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अरे, मीच बघून उतरायला हवं होतं." अपराध माझा आणि दिलगिरी त्यांची! आपल्या रस्त्यांचे सारे व्याकरण या एका वाक्यात सामावलेले आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दररोज सुमारे ९० चालणारी माणसे. सायकलस्वारांची संख्या ४,८३६ आणि दुचाकीस्वारांची ७४,८९७ होती. या तिघांची बेरीज केली तर एकूण मृतांपैकी दोन तृतीयांश माणसे अशी निघतात, की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवच नव्हते. एखाद्या युद्धात वर्षाकाठी एवढी माणसे पडली असती, तर देश पेटून उठला असता. येथे मात्र आपण वर्तमानपत्रातील आतल्या पानावरची चार ओळींची बातमी वाचून चहाचा पेला खाली ठेवतो.

ती बातमीही कशी लिहिली जाते, हे पाहण्यासारखे आहे. 'अज्ञात वाहनाची धडक बसून वृद्ध ठार', 'टेम्पोच्या धडकेने सायकलस्वाराचा मृत्यू'. जणू वाहन आपणहून रस्त्यावर आले आणि त्याला कोणी चालविणाराच नव्हता! तीस वर्षे या व्यवसायात काढल्यामुळे सांगतो, अशा बातम्या मीही लिहिल्या आहेत. 'अपघात' या शब्दाने आपण दैवाच्या माथी जे मारतो, त्यातील फारच थोडे दैवाचे असते. त्याच अहवालानुसार २०२२ मधील रस्तेबळींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. वेग हे दैव नव्हे. उजव्या पायाच्या टाचेखाली त्याचा निर्णय होत असतो.

शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान येथे आठवावे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने जाणारे वाहन चालकाच्या लक्षात धोका येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे सव्वाआठ मीटर पुढे जाते. ताशी ६० ने जाणारे जवळजवळ सतरा मीटर. म्हणजे पहिल्या वाहनासमोर आलेले मूल वाचण्याची शक्यता असते, दुसऱ्यासमोरचे मूल ब्रेक लागण्यापूर्वीच चाकाखाली गेलेले असते. आणि एवढे करून मिळवायचे काय? पाच किलोमीटरचे अंतर अखंड ५० च्या वेगाने तोडले तर सहा मिनिटे, ३० च्या वेगाने तोडले तर दहा. चार मिनिटांचा हा लाभ! तोही पुढच्या सिग्नलला उभे राहून आपण गमावतो.

बेशिस्त कोणाची?

पादचाऱ्यांचा विषय निघाला की मोटारीत बसलेल्या सज्जनांचे एक उत्तर ठरलेले असते : "लोकांना शिस्तच नाही हो. कोठूनही रस्ता ओलांडतात, कानाला फोन लावून चालतात." सायकलवाल्यांविषयीही हेच. ते उलट्या दिशेने येतात, अंधारात दिव्याविना फिरतात, सिग्नल पाळत नाहीत.

या आक्षेपात तथ्य नाही, असे कोण म्हणेल? आमच्या लहानपणी सायकलला दिवा नसला किंवा मागे मित्राला 'डबलसीट' घेतले, तर चौकातला हवालदार निर्विकारपणे चाकातली हवा सोडून देत असे. मग घरापर्यंत सायकल हातात धरून चालताना शिस्तीचे महत्त्व आपोआप पटे. तो धाक आज राहिला नाही. सायकलस्वाराने डाव्या बाजूनेच जावे, मागे लाल दिवा लावावा, वळताना हात दाखवावा. पादचाऱ्याने झेब्रा पट्ट्यांवरूनच ओलांडावे, दुभाजकावरून उड्या मारू नयेत आणि पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे. हे सारे मान्य.

परंतु दोन बेशिस्तींत एक मूलभूत भेद आहे. पादचारी चुकला तर बहुधा स्वतः मरतो; मोटारवाला चुकला तर दुसरा मरतो. दीड टनाचे यंत्र हाती असणाऱ्याची आणि हातात भाजीची पिशवी असणाऱ्याची जबाबदारी एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे, न्यायाचे सोंग आहे. ज्याच्या हाती शक्ती अधिक, त्याच्यावर संयमाचे बंधन अधिक, हे आपण आपल्या मुलांना शस्त्राच्या बाबतीत शिकवितो. मग मोटारीच्या बाबतीत का शिकवीत नाही?

शिवाय 'कोठूनही ओलांडतात' म्हणणाऱ्याने कोठून ओलांडावयाचे, हेही सांगितले पाहिजे. झेब्रा पट्टे एकदा रंगवले की पुढील पावसाळ्यात नाहीसे होतात. उरतात तेथे सिग्नलला थांबलेली वाहने त्यांच्यावरच उभी असतात. केंद्राने २०१७ मध्ये अधिसूचित केलेल्या वाहनचालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या पट्ट्यांवर वाहनाने पादचाऱ्याला वाट देणे बंधनकारक आहे. हा नियम आपल्या किती वाचकांना ठाऊक आहे? परवाना काढताना तो किती जणांना विचारला गेला? पट्ट्यांवर पाय ठेवलेल्या वृद्धेला पाहून वेग कमी करण्याऐवजी दिव्यांचा झोत टाकणारा चालक तिला सांगत असतो, की नियम काहीही असो, वाट माझी आहे.

आपली परंपरा काय सांगते?

पादचाऱ्याला प्राधान्य ही युरोपातून आणलेली कल्पना आहे, आपल्या गर्दीच्या देशात ती चालणार नाही, असेही काही सुशिक्षित सांगतात. त्यांनी थोडे आपले ग्रंथ उघडून पाहावेत. समोरासमोर आल्यावर वाट कोणी कोणाला द्यावी, हा प्रश्न आपल्या धर्मसूत्रकारांना क्षुल्लक वाटला नव्हता. बौधायनाने वाट ज्यांना द्यावयाची त्यांची यादीच दिली आहे. त्या यादीत राजा आणि ब्राह्मण आहेत, हे खरे. तो मान आज कोणी मागू नये आणि कोणी देऊही नये. पण त्याच यादीत अंध आहे, वृद्ध आहे, डोक्यावर भार असलेला आहे, गर्भवती आहे आणि दुर्बल आहे. दुर्बलाला आधी वाट, हे सूत्र आपल्याच घरचे आहे.

कौटिल्य तर याहून व्यवहारी. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात त्याने वाहनांमुळे होणाऱ्या इजेचा विचार केला आहे. गाडी हाकणारा अल्पवयीन असेल तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड करावा, आणि मूल हाकीत असलेली गाडी राजाने सरळ जप्त करावी, असा त्याचा दंडक आहे. दुसऱ्या अधिकरणात रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला आणि चिखलपाण्याने वाट अडविणाऱ्याला दंड सांगितला आहे. तोच अपराध राजमार्गावर घडला तर दंड दुप्पट.

आता वर्तमानकाळाकडे या. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाने हाकलेल्या महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. पहिला जामीन देताना त्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यात आला, तेव्हा सारा देश संतापला. संताप योग्यच होता. पण कायदा नव्हता, असे मात्र नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-क आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. कौटिल्याने जे सांगितले तेच संसदेने पुन्हा सांगितले. न सांगितलेले उरले आहे ते फक्त आपल्या घरात. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली ठेवणारा पिता कल्याणीनगरच्या घटनेवर तावातावाने बोलतो, तेव्हा त्याला आरसा कोणी दाखवावयाचा?

पैसा कोणासाठी खर्च होतो?

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे मुख्य तत्त्व असे होते, की रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत. त्याच वर्षी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला आणि तिच्या कडेने सायकलमार्गही आखले गेले. त्यांवर पुढे काय उभे राहिले, ते पुणेकरांना सांगावयास नको : दुकानांच्या पाट्या, विजेची रोहित्रे, चहाच्या टपऱ्या आणि चारचाकी गाड्या. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर आपण कोणाहून मागे नाही. त्याच सुमारास रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली गल्लोगल्ली आल्या आणि आल्या तशा गेल्या. मग शेरा मारला गेला : "पाहा, लोकांना सायकल नकोच आहे!" सलग पन्नास पावलेही न जाणारा मार्ग करावयाचा, तो रिकामा दिसला की लोकांना दोष द्यावयाचा, हा कोणता न्याय? अर्ध्या नदीपर्यंत पूल बांधून त्यावर कोणी येत नाही, अशी तक्रार करण्यासारखेच हे झाले.

उलट, विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवा. वाहतुकीची कोंडी सुटावी म्हणून कोट्यवधी रुपये खर्चून तो उभारला आणि पंधरा वर्षेही पूर्ण होण्याआधी, २०२० मध्ये, तो पाडावा लागला. त्या रकमेत किती किलोमीटरचे पदपथ झाले असते, याचा हिशेब कोणी मांडला नाही. कारण पदपथाचे उद्घाटन करावयास कोणी येत नाही.

आणि हे करता येतच नाही, असेही नाही. १९७६ मध्ये बांधलेला आणि दशकानुदशके खड्डा न पडलेला जंगली महाराज रस्ता हा पुणेकरांच्या अभिमानाचा विषय. २०१६ नंतर त्याच रस्त्यावर पदपथ रुंद केले गेले, बसावयास बाके आली, झाडे जपली गेली. आज तेथे आजीआजोबा नातवंडांना घेऊन चालताना दिसतात. दुकाने ओस पडतील ही भीती खोटी ठरली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. सहा फूट रुंद, सहा इंच उंच. एवढेच तर मागणे आहे! गुडघाभर उंचीचे पदपथ चढताना ज्याच्या वृद्ध आईचा हात धरावा लागला आहे, त्याला या सहा इंचांचा अर्थ कळेल.

हॉलंडचे उदाहरण देताच 'तो देशच सायकलींचा' असे म्हटले जाते. तेही अर्धसत्य आहे. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि मुलांची ही हत्या थांबवा, अशी मागणी त्यांनी केली. पुढच्या दशकांत त्या देशाने आपले रस्ते बदलले. तेथील माणूस जन्मतः शिस्तप्रिय होता म्हणून हे घडले नाही. त्याने आपल्या मुलांच्या मृत्यूला 'अपघात' म्हणणे नाकारले, म्हणून घडले.

आपल्याकडे न्यायालयाने वाट दाखविली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळारहित पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पादचारी व बिगरयांत्रिक वाहनांविषयीचे नियम सहा महिन्यांत करावेत, असा आदेश राज्यांना दिला. पण न्यायालय पदपथावर उभे राहून स्कूटर हटवू शकत नाही. ते काम समाजाचे आहे.

आरसा आपल्यालाही

येथे आपल्याच घरात डोकावणे प्राप्त आहे. शिस्तीचा अभिमान आपण बाळगतो. संचलनात पावलाला पाऊल जुळवून, एक इंचही रांग न मोडता चालणारा आपला कार्यकर्ता घरी परतताना गाडी पदपथावर चढवीत असेल, तर ती शिस्त गणवेशाची ठरते, मनाची नव्हे. उत्सवाचा मांडव रस्त्याची तीन चतुर्थांश रुंदी व्यापतो, तेव्हा उरलेल्या चौथाईतून रुग्णवाहिका, सायकल आणि शाळेत जाणारे मूल एकदमच वाट काढीत असते. तो मांडव आपला असला म्हणून अडथळा पवित्र होत नाही. दुसऱ्यांनी रस्ता अडविला की आपण निवेदने देतो. तो नैतिक अधिकार टिकवावयाचा असेल, तर सुरुवात आपल्या मांडवापासून करावी लागेल. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध पुणेरी पगड्या घालून निदर्शने झाली, तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांत आपल्यापैकी किती जण होते, हेही ज्याचे त्याने आठवावे. डोके वाचविणाऱ्या वस्तूविरुद्ध डोक्याची शोभा पुढे करण्यात कोणता स्वाभिमान?

ही भूमी चालणाऱ्यांची आहे. आषाढात लाखो पावले पंढरीची वाट चालतात. जगात पादचाऱ्यांचा एवढा शिस्तबद्ध सोहळा दुसरा नसेल. त्याच वाटेवर, दिवे घाटात, नोव्हेंबर २०१९ मध्ये आळंदीकडे निघालेल्या संत नामदेवांच्या दिंडीत एक अवजड यंत्र घुसले आणि वारकऱ्यांचे प्राण गेले. पुढे २०२१ मध्ये पालखी मार्गांच्या रुंदीकरणाचा कोनशिला समारंभ झाला आणि त्यात पायी चालणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र मार्गिका ठेवण्याचे ठरले. वारकऱ्यासाठी जे सुचले, ते रोज पायी कामावर जाणाऱ्या मोलकरणीसाठी, सायकलवरून दूध घालणाऱ्यासाठी, दप्तर घेतलेल्या मुलासाठी का सुचू नये? तीही आपापली वारीच करीत असतात.

सायकल हे गरिबाचे वाहन, अशी एक खोटी लाज गेल्या तीस वर्षांत आपल्या मनात रुजली. ज्यांनी गावोगावी संघटनेची कामे उभी केली, त्या पिढीने ती सायकलच्या पायड्यांवरच उभी केली, हे आपण विसरलो. आज सायकल चालविणाऱ्यांत नाइलाज असणारेही आहेत आणि प्रतिष्ठितही आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत पाम बीच मार्गावर सायकल चालविणारे ज्येष्ठ चिप-तंत्रज्ञ अवतार सैनी यांना मागून आलेल्या टॅक्सीने उडविले आणि त्यांचा मृत्यू झाला. रस्ता विद्वान पाहत नाही आणि मजूर पाहत नाही. जो उघडा, तो मरतो.

म्हणून उपदेश पुरे. प्रत्येक वाचक आजपासून चार गोष्टी करू शकतो. पदपथावर वाहन लावावयाचे नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. झेब्रा पट्ट्यांपूर्वी थांबावयाचे, मागचा कितीही भोंगा वाजवो. सायकलस्वाराला ओलांडताना हातभर नव्हे, गाडीभर अंतर सोडावयाचे आणि गाडीचे दार उघडण्यापूर्वी मागे पाहावयाचे. आणि अठरा वर्षांच्या आतील मुलाच्या हाती किल्ली द्यावयाची नाही. त्यापुढे, प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी एका रविवारी आपल्या प्रभागातील पदपथ पायी चालून पाहावेत, सोबत एक वृद्ध आणि एक लहान मूल न्यावे, कोठे खाली उतरावे लागले ते लिहून काढावे आणि ती यादी नगरसेवकाच्या हाती द्यावी. मते मागावयास तो येईल, तेव्हा तीच यादी पुन्हा पुढे ठेवावी.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या अंत्ययात्रेला गेलो, तेव्हा त्याच औषधाच्या दुकानावरून आम्ही गेलो. पदपथावर तीन स्कूटर आडव्या उभ्या होत्या. खांदेकरी रस्त्यावर उतरले आणि मागून एक मोटार भोंगा वाजवू लागली. जिवंतपणी ज्याला आपण वाट दिली नाही, त्याला निदान अखेरच्या प्रवासात तरी ती द्यावी, एवढेही त्या चालकाला सुचले नाही. त्याला बोल लावण्याचा अधिकार मला नव्हता. तो आपण सर्वांनी मिळून पुन्हा कमवावयाचा आहे.